लोहाची गोळी, काळी शी आणि १४ महिने निसटलेली गाठ: लहान आतड्याच्या ट्यूमरचे एक प्रकरण

५६ वर्षांचे शेतकरी. तक्रार एकच: गोठ्यापासून रस्त्यापर्यंत दुधाचा कॅन नेताना दोनदा खाली ठेवावा लागतो, छातीत धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. पोटात दुखत नाही, उलटी नाही, वजनही फारसे घटलेले नाही. हिमोग्लोबिन ६.८. पहिल्या रक्ततपासणीपासून लहान आतड्यातली गाठ सापडेपर्यंत १४ महिने गेले. या काळात कोणी बेफिकिरी केली असे म्हणता येत नाही. केलेली प्रत्येक तपासणी करण्याजोगीच होती. तरीही गाठ प्रत्येक वेळी हातातून निसटली.

हे प्रकरण कोणा एका रुग्णाचे नाही. लहान आतड्यात रक्तस्राव करणाऱ्या गाठीचे रुग्ण ज्या वाटेने निदानापर्यंत पोचतात, ती वाट इथे एका माणसाच्या रूपात मांडली आहे. त्यातले आकडे त्या वाटेवर नेहमी दिसणारे आहेत.

लोह गेले कुठे?

पहिल्या अहवालात एमसीव्ही (लाल पेशींचे सरासरी आकारमान) ६६ आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याचे माप) ५ होते. लाल पेशी लहान आणि फिकट, शरीरातला लोहाचा साठा संपलेला. लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया हे निदान बरोबरच होते. पण ते अर्धे निदान होते. पुरुषाच्या शरीरातून रोज साधारण १ मिलिग्रॅम लोह बाहेर जाते आणि तेवढे जेवणातून भरून निघते. निरोगी माणसाच्या १ मिली रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे आतड्यातून रोज १० मिली रक्त झिरपले, तर ५ मिलिग्रॅम लोह जाते, आणि ते साध्या जेवणाने भरून येत नाही. दोन चमचे रक्ताने शौचाचा रंग बदलत नाही. शी काळी दिसायला एका वेळी साधारण ५० ते १०० मिली रक्त पडावे लागते. त्यामुळे महिनोन्‌महिने रक्त जात राहते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. आठ आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.१, तीन महिन्यांनी ११. गोळी लागू पडली, म्हणून फाइल बंद झाली. खरे तर लोह दिल्यावर हिमोग्लोबिन वाढले, एवढ्याने फक्त लोह कमी होते हेच सिद्ध होते. पन्नाशीपुढच्या पुरुषात आणि पाळी गेलेल्या बाईत लोह कमी असण्याचे कारण पचनमार्गात रक्तस्राव नाही ना, हे पाहिल्याशिवाय गोळीवर समाधान मानू नये. पाळी चालू असलेल्या बाईत सगळा दोष पाळीवर टाकण्याची घाई तर याहून जास्त होते.

गोळ्यांनी आणखी एक घोटाळा केला. लोहाने शी काळी होते, हे सगळ्यांना ठाऊक असते. अधूनमधून काळी शी होते असे रुग्णाने सांगितले, तेव्हा “गोळीमुळे आहे” असे उत्तर मिळाले. त्यांच्या पत्नीचे म्हणणे मात्र वेगळे होते आणि ते पुढे तिसऱ्या मुक्कामी, मोठ्या रुग्णालयात, कोणीतरी विचारल्यावर कळले: “गोळीने रोज काळी होते ती पाणी टाकलं की जाते. ही डांबरासारखी. भांड्याला चिकटते, घासावी लागते, आणि वास असा की दार लावून घ्यावं.” मेलेनाचे, म्हणजे पचलेल्या रक्ताच्या शौचाचे, याहून अचूक वर्णन पुस्तकातही सापडणार नाही. लोहाची शी काळपट हिरवी आणि बांधलेली असते. मेलेना चकचकीत, चिकट आणि उग्र वासाची असते. हा फरक घरात संडास धुणाऱ्या माणसाला कळतो, म्हणून प्रश्न त्या माणसाला विचारावा.

दोन दुर्बिणी, दोन सबबी

गोळ्या थांबल्यावर पाच महिन्यांनी हिमोग्लोबिन ६.१. दोन पिशव्या रक्त चढवले. तोंडावाटे एंडोस्कोपी झाली; जठरात थोडी लाली दिसली. कोलोनोस्कोपी झाली, पहिल्या श्रेणीचा मूळव्याध दिसला. अहवालात दोन्ही नोंदी आल्या आणि दोन्ही कारण म्हणून स्वीकारल्या गेल्या.

मूळव्याधीचे रक्त लालभडक असते, थेंबथेंब गळते, शौचाला वरून लागते. त्याने शी काळी होत नाही. जठराची नुसती लाली हिमोग्लोबिन ६ वर आणत नाही; त्यासाठी व्रण, झीज किंवा फुटकी रक्तवाहिनी दाखवता यायला हवी. सापडलेली गोष्ट आणि कारण असलेली गोष्ट या दोन वेगळ्या असू शकतात, ही गल्लत रक्तस्रावाच्या तपासात सर्वांत जास्त वेळ खाते.

शौचातल्या गुप्त रक्ताची तपासणीही झाली होती आणि ती निगेटिव्ह होती. ती फिट प्रकारची होती. फिट मानवी ग्लोबिन शोधते. मोठ्या आतड्यातल्या रक्तासाठी ती चांगली, पण लहान आतड्याच्या वरच्या भागात पडलेल्या रक्तातले ग्लोबिन वाटेतच पचून जाते. तिथला रक्तस्राव फिट निगेटिव्ह आल्याने नाकारता येत नाही.

नेहमीची एंडोस्कोपी ड्युओडेनमच्या (लहान आतड्याची सुरुवात) दुसऱ्या भागापर्यंत जाते. कोलोनोस्कोपी सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याची सुरुवात) जाते, आणि करणाऱ्याने दुर्बीण झडपेतून पुढे सरकवली तर इलियमचे (लहान आतड्याचा अखेरचा भाग) शेवटचे काही सेंटिमीटर दिसतात. या दोन टोकांच्या मध्ये पाच-साडेपाच मीटर आतडे राहते. “दोन्ही दुर्बिणी नॉर्मल” याचा अर्थ या पाच मीटरबद्दल काहीही कळलेले नाही, एवढाच.

लहान आतडे पचनमार्गाच्या लांबीचा जवळपास तीन चतुर्थांश भाग व्यापते, पण पचनमार्गाच्या कर्करोगांत त्याचा वाटा पाच टक्क्यांहून कमी आहे. दुर्मीळ म्हणून शंका कमी घेतली जाते. आतले अन्न पातळ असते, त्यामुळे गाठ बरीच वाढेपर्यंत अडथळा होत नाही. आतडे मोकळेपणी हलते, म्हणून गाठ आज बेंबीच्या डावीकडे तर उद्या ओटीपोटात. तपासणाऱ्या हाताला सापडत नाही. याच गोष्टी उशिराच्या मुळाशी असतात.

तिसरा मुक्काम: आधी काय नाकारले

हिमोग्लोबिन ५.९ आणि डांबरासारखी शी घेऊन रुग्ण मोठ्या रुग्णालयात आले. रक्त आणि शिरेतून लोह देतानाच इतिहास पहिल्यापासून पुन्हा घेतला गेला.

गुडघ्यासाठी ते आठवड्यातून तीन-चार वेळा मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणून घेत होते. ही औषधे लहान आतड्यातही व्रण करतात आणि हुबेहूब असाच ॲनिमिया देतात. गोळी बंद केली. पण दोन महिन्यांपूर्वी ती संपली असतानाही शी काळी झाली होती, म्हणून तपास थांबवला नाही. अनवाणी शेतात काम, म्हणून अंकुशकृमीसाठी शौच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम दिले. सीलिॲकसाठी (गव्हातल्या ग्लुटेनने आतडे बिघडण्याचा आजार) टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी केली, ती नॉर्मल. ओठांवर आणि गालाच्या आतल्या बाजूला काळे ठिपके नव्हते. असते तर प्यूट्झ-जेघर्स या आनुवंशिक आजाराचे पॉलिप (अस्तरावरच्या गाठी) मनात आले असते. अंगावर कॉफीच्या रंगाचे चट्टे किंवा मऊ गाठी नव्हत्या. हे चट्टे न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात दिसतात आणि त्यात लहान आतड्यात अनेक जिस्ट (आतड्याच्या भिंतीत वाढणाऱ्या) गाठी होऊ शकतात. घराण्यात तरुणपणी आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेला कोणी नव्हता. मान, काख, जांघेत गाठी नाहीत. चेहरा अचानक लाल होणे, पातळ शौच, दम लागून घरघर ही न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे संप्रेरके सोडणाऱ्या गाठीची लक्षणे विचारली, नाही.

तोंडावाटे दुर्बीण पुन्हा घातली, कारण पहिल्या फेरीत सुटलेले कारण दुसऱ्या फेरीत सापडण्याचे प्रमाण दुर्लक्ष करण्याइतके कमी नसते. या वेळी काहीच नव्हते. आता प्रकरणाला योग्य नाव मिळाले: लहान आतड्यातून रक्तस्रावाची शंका.

कॅप्सूल: तीन चित्रे

कॅप्सूल एंडोस्कोपी २००१ पासून वापरात आहे. ११ गुणिले २६ मिलिमीटरची, कॅमेरा आणि दिवा असलेली गोळी सेकंदाला साधारण दोन चित्रे घेते. आठ-दहा तासांत पन्नास हजारांवर चित्रे जमतात. गोळी गिळण्याआधी एक प्रश्न अनिवार्य आहे: जेवणानंतर पोटात कळा येऊन फुगते का, गुरगुर होऊन मग सुटते का? तसे असेल तर वाट अरुंद असण्याची शक्यता असते, कॅप्सूल अडकते आणि तपासणीसाठी दिलेली गोळी काढायला शस्त्रक्रिया करावी लागते. तशा रुग्णात आधी सीटी एंटरोग्राफी (द्रवाने आतडे फुगवून केलेला सीटी), किंवा विरघळणारी चाचणी-कॅप्सूल. या रुग्णाला कळा नव्हत्या.

तोंडाने घ्यायचे लोह चार दिवस आधी बंद केले, नाहीतर आतड्याच्या भिंतीवर काळा थर बसतो आणि चित्रे वाया जातात. आदल्या रात्री आतडे साफ करणारे २ लिटर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे द्रावण, मग १२ तास उपवास. रक्तस्राव थांबण्याच्या आत, शक्यतो दोन-तीन दिवसांत कॅप्सूल दिली तर कारण सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. “घरी जा, पंधरवड्यानंतरची तारीख घ्या” असे सांगितले की अर्धा फायदा गेला. कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही. दोन आठवड्यांत ती पडलेली दिसली नाही, तर पोटाचा एक्स-रे.

जेजुनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागात, ताजे रक्त दिसले. रक्ताच्या थोडे वर, सलग तीन चित्रांत, भिंतीचा एक गोल उंचवटा होता. त्यावरचे अस्तर अगदी नॉर्मल, केसाळ, गुलाबी. मधोमध मोहरीएवढा खळगा. चौथ्या चित्रात काहीच नाही. पहिल्या वाचनात त्याची नोंद “आतड्याच्या आकुंचनाचा फुगवटा असावा” अशी झाली.

असे फुगवटे कॅप्सूलमध्ये पदोपदी दिसतात. शेजारचे वेटोळे बाहेरून दाबते आणि भिंत आत येते. खऱ्या गाठीची कड स्पष्ट असते, तिची उंची रुंदीच्या मानाने जास्त असते, तिच्यामुळे पुढची वाट झाकली जाते आणि ती बराच वेळ दिसत राहते. इथे कड स्पष्ट होती, पण बाकीचे ठरवता येईना. मधला खळगा मात्र आकुंचनाने पडत नाही. भिंतीच्या आतल्या थरात वाढणाऱ्या गाठीवरचे अस्तर ताणून फाटले की असा व्रण होतो आणि तिथूनच रक्त येते. त्या खळग्यासाठी पुढची तपासणी झाली.

इथे कॅप्सूलची मर्यादा नीट समजून घ्यावी. ती आतून पाहते. बाहेरच्या बाजूला वाढणारी गाठ चार सेंटिमीटरची असली तरी आत तिचे टोकच दिसते. कॅप्सूल वरच्या जेजुनममधून वेगाने जाते, तिला मागे फिरता येत नाही, हवा भरून आतडे फुगवता येत नाही, तपासायला तुकडा घेता येत नाही. एकट्या गाठी तिच्या नजरेतून सुटतात हे माहीत आहे. रक्तस्राव चालूच असेल तर नॉर्मल कॅप्सूलला अंतिम शब्द मानू नये.

सीटी एंटरोग्राफी: दीड लिटर पाणी कसे पाजायचे

या रुग्णाचा पोटाचा सीटी सहा महिन्यांपूर्वी झाला होता आणि “लहान आतडे नॉर्मल” असा अहवाल होता. तोंडाने सीटीत पांढरे दिसणारे औषध दिलेले, शिरेतल्या औषधानंतर एकाच वेळी घेतलेली चित्रे. पांढऱ्या पोकळीशेजारी रक्ताने भरलेली, पांढरी होणारी गाठ लपते. जेजुनम मिटलेले असेल तर त्याची भिंत एरवीही जाड आणि उजळ दिसते. जुन्या चित्रांत मागे जाऊन पाहिले तेव्हा गाठ तिथेच होती. तिला आतड्याचे एक वेटोळे समजले गेले होते.

एंटरोग्राफीत आतडे पाण्यासारख्या द्रवाने फुगवायचे असते, म्हणजे पोकळी काळी, भिंत पातळ आणि गाठ उजळ दिसते. नुसते पाणी वाटेतच शोषले जाते, म्हणून त्यात मॅनिटॉल घालतात. २० टक्क्यांचे २०० मिली मॅनिटॉल आणि १४०० मिली पाणी मिसळले की १६०० मिली द्रावण अडीच टक्क्यांचे होते. ४०० मिलीचे चार भाग, दर १२ मिनिटांनी एक, शेवटचा टेबलावर जाण्याच्या जरासा आधी. मग आतड्याची हालचाल थांबवायला हायोसिन ब्युटिलब्रोमाइड २० मिलिग्रॅम शिरेतून. काचबिंदू आणि हृदयाचे वाढलेले ठोके आहेत का ते आधी विचारून. शिरेतले औषध ४ मिली प्रति सेकंद वेगाने, पहिली चित्रे ४५ सेकंदांनी, दुसरी ७० सेकंदांनी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) आधी पाहिलेले हवे. हे सगळे बिघडते ते पाजण्यात. रुग्ण १५ मिनिटांत सगळे पिऊन मोकळा होतो आणि ओकतो, किंवा सगळे पिऊन दीड तास बाकावर बसतो. तोवर द्रव मोठ्या आतड्यात गेलेला असतो आणि जेजुनम पुन्हा मिटलेले. ग्लास हातात देणारा माणूस घड्याळ घेऊन शेजारी असावा. नंतर पातळ शौच होणार हेही आधी सांगावे, नाहीतर परतीच्या एसटीत हाल होतात.

(रक्त धो धो जात असेल, रक्तदाब घसरत असेल तर हे काही पाजत बसू नये. सरळ सीटी अँजिओग्राफी करावी.)

४५ सेकंदांच्या चित्रांत गाठ दिव्यासारखी दिसली. जेजुनमच्या सुरुवातीच्या भागात, ३.८ गुणिले ३.१ सेंटिमीटर, गोल, बहुतांश आतड्याच्या बाहेर लोंबणारी, मध्ये थोडा काळा कुजलेला भाग. तिच्यातून निघालेली जाड शीर लवकर भरलेली. आजूबाजूला वाढलेल्या लसिका गाठी नाहीत. यकृत स्वच्छ.

सीटीवर गाठीची जात कशी ओळखली

लहान आतड्यातल्या घातक गाठींच्या मुख्य जाती चार: न्यूरोएंडोक्राइन, ॲडेनोकार्सिनोमा, लिम्फोमा आणि जिस्ट. प्रत्येकीची जागा, वाढण्याची दिशा आणि रक्त पिण्याची सवय वेगळी, म्हणून तुकडा घेण्याआधीच बराच अंदाज बांधता येतो.

ॲडेनोकार्सिनोमा अस्तरातून निघतो. निम्म्याहून अधिक ड्युओडेनममध्ये, बाकीचे बहुतेक जेजुनमच्या सुरुवातीला. सीटीवर आखूड भागात गोलाकार, खांदे असलेले अरुंदपण आणि त्याच्या वरचे आतडे फुगलेले. हा कळा देतो, उलट्या देतो, ड्युओडेनममध्ये असला तर कावीळही. त्याचा तुकडा दुर्बिणीतून सहज मिळतो. सापडला तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाची चाचणी केलीच पाहिजे, कारण प्रश्न भावंडांचाही असतो.

न्यूरोएंडोक्राइन गाठ बहुधा इलियमच्या शेवटच्या भागात असते, एक-दोन सेंटिमीटरची, कधी एकाच वेळी अनेक. तिच्यापेक्षा आतड्याच्या पडद्यातली तिची लसिका गाठ मोठी असते. त्यात चुन्याचे ठिपके आणि भोवती चाकाच्या आऱ्यांसारखे खेचलेले तंतू. हे चित्र एकदा पाहिले की विसरत नाही. अशा रुग्णांना वर्षानुवर्षे “आयबीएस” (संवेदनशील आतडे) म्हणून औषध दिलेले असते. चेहरा लाल होणे आणि जुलाब ही प्रसिद्ध लक्षणे बहुधा यकृतात पसरल्यावरच येतात, म्हणून त्यांची वाट पाहू नये. निदानासाठी गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन आणि २४ तासांच्या लघवीतले ५-एचआयएए, म्हणजे या गाठीने सोडलेल्या रसायनाचे अवशेष. लघवी गोळा करण्याच्या आधी तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद. या गाठीची रक्तातली खूण मानल्या जाणाऱ्या क्रोमोग्रॅनिन-एवर विसंबू नये: “गॅसची गोळी” म्हणून रोज सकाळी घेतलेले पँटोप्राझोल तो आकडा खोटाच वाढवते, आणि आपल्याकडे ती गोळी कोण घेत नाही?

लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, आतड्याचा लांब भाग जाड करतो, पण अडथळा करत नाही. उलट तिथली पोकळी रुंद होते, कारण भिंतीतले स्नायू आणि नसाच खाल्ल्या जातात. लसिका गाठी मोठ्या. इथे निदान तुकड्यावरच आणि उपचार बहुधा औषधांनी. न ओळखता आतडे कापून टाकणे म्हणजे रुग्णाला उगाच एक शस्त्रक्रिया. सीलिॲकचा रुग्ण गव्हाचे पथ्य पाळूनही पुन्हा खंगू लागला, तर जेजुनममधल्या टी-पेशींच्या लिम्फोमाची शंका घ्यावी.

चरबीची गाठ सीटीवर चरबीच्याच घनतेची दिसते आणि तिथे शोध संपतो. मेलॅनोमा (रंगपेशींचा कर्करोग) आणि फुप्फुस, स्तन यांचे कर्करोगही इथे पसरून येतात. आणि मोठ्या माणसात आतड्यात आतडे शिरलेले दिसले, तर पुढच्या टोकाशी गाठ आहे असेच धरून चालावे.

महाराष्ट्रात या यादीत क्षयरोग जोडावाच लागतो. इलियम आणि सीकमच्या सांध्यापाशी जाड भिंत दिसली, वजन घटले, संध्याकाळी कणकण आहे, की क्षयाची औषधे सुरू होतात. पुष्कळदा ती बरोबरच ठरतात. पण तुकडा न घेता सुरू केली तर लिम्फोमा किंवा ॲडेनोकार्सिनोमा सहा महिने मोकळा वाढतो. व्रणाच्या कडेतून आठ-दहा तुकडे घ्यावेत. काही फॉर्मालिनमध्ये, काही सलाइनमध्ये सीबीनॅट (क्षयजंतूची जनुकीय चाचणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी). सगळेच फॉर्मालिनमध्ये टाकले तर जंतू वाढवता येत नाहीत, आणि ही चूक रोज कुठे ना कुठे होते. पुरावा न मिळता औषध सुरू करावेच लागले, तर दोन महिन्यांनी दुर्बीण पुन्हा घालून व्रण भरला का ते पाहावे. ताप गेला, भूक लागली, एवढ्याने क्षय सिद्ध होत नाही.

या रुग्णाची गाठ बाहेर वाढणारी, रक्ताने भरलेली, लसिका गाठी न वाढवणारी. हे वर्णन जिस्टचे. आतड्याच्या हालचालीचा ताल धरणाऱ्या काहालच्या पेशींशी या गाठीचे नाते आहे. तिची पहिली पसंती जठर. साधारण तीस टक्के लहान आतड्यात होतात.

बलून एंटरोस्कोपीने तिथवर जाऊन तुकडा घ्यायचा का, यावर चर्चा झाली. जपानमध्ये २००१ साली पुढे आलेल्या या दुर्बिणीने लहान आतडे टप्प्याटप्प्याने बाहीसारखे चुण्या पाडून ओढून घेतात. तुकडा घेता येतो, शाईने खूण करता येते. पण जिस्ट अस्तराच्या खाली असते. वरवरच्या तुकड्यात नॉर्मल अस्तर येते, आणि खोल तुकडा घेतला तर रक्तस्रावाचा धोका. गाठ एकच, पूर्ण काढता येण्याजोगी, सीटीवर जागा स्पष्ट. तुकडा न घेता शस्त्रक्रिया करायचे ठरले. हाच निर्णय इलियममधल्या जाड भिंतीसाठी किंवा लिम्फोमाच्या शंकेसाठी चुकीचा ठरला असता.

शस्त्रक्रियेचे टेबल ते सूक्ष्मदर्शक

हिमोग्लोबिन ९.४ वर आणून दुर्बिणीच्या मदतीने शस्त्रक्रिया झाली. पाच-सहा सेंटिमीटरच्या छेदातून वेटोळे बाहेर घेतले. जिस्टला वरून नाजूक आवरण असते. चिमट्याने गाठच पकडली आणि ते फाटले, तर पेशी पोटभर सांडतात, आणि मग मोजमाप काहीही असो, धोका वरच्या पायरीवर जातो. म्हणून हात फक्त शेजारच्या आतड्याला लावायचा. गाठीसह १५ सेंटिमीटर जेजुनम काढले आणि टोके जोडली. लसिका गाठी खरवडून काढण्याची गरज नव्हती. ड्युओडेनमच्या वळणापासून सीकमपर्यंत सगळे आतडे बोटांखालून सरकवून दुसरी गाठ नाही याची खात्री केली.

काढलेला भाग कापून उघडला आणि तासाभरात त्याच्या दसपट फॉर्मालिनमध्ये गेला. हे किरकोळ वाटते, पण गाठ रात्रभर कोरड्या डब्यात राहिली तर पेशी आतून कुजतात, विभाजन होत असलेल्या पेशी मोजता येत नाहीत आणि जनुकाची चाचणीही फसते. पुढची तीन वर्षे औषध द्यायचे की नाही, ते या मोजणीवर ठरते.

लांबट चातीसारख्या पेशी. जिस्टच्या खुणा, सीडी ११७ पॉझिटिव्ह, डॉग १ पॉझिटिव्ह. डेस्मिन आणि एस १०० निगेटिव्ह. म्हणजे स्नायूची नाही, नसेची नाही; जिस्ट नक्की. विभाजन होत असलेल्या पेशी ५ चौरस मिलिमीटरमध्ये ८.

मोजणीचे क्षेत्र इथे मुद्दाम लिहिले आहे. जुन्या पद्धतीत “५० फील्ड” मोजत (फील्ड म्हणजे सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारे क्षेत्र). आताच्या सूक्ष्मदर्शकाचे फील्ड मोठे असते. त्यात वीस-पंचवीस फील्डमध्येच ५ चौरस मिलिमीटर भरतात. जुनी ५० मोजली तर आकडा दुप्पट होऊ शकतो. अहवालात नुसते “८ / ५० एचपीएफ” (५० फील्डमध्ये ८) असेल, तर पॅथॉलॉजिस्टना फोन करून क्षेत्र विचारावे.

दोन ते पाच सेंटिमीटरच्या जिस्टमध्ये ही संख्या ५ किंवा कमी असेल तर लहान आतड्यात आजार पुढे सरकण्याचा धोका ४.३ टक्के, पाचापेक्षा जास्त असेल तर ७३ टक्के. तेवढ्याच आकाराची आणि तेवढ्याच विभाजनाची गाठ जठरात असती तर १६ टक्के. जागा बदलली की तीच गाठ वेगळी वागते. त्यामुळे “छोटी होती, निघाली, आता काळजी नाही” असे या रुग्णाला सांगणे चुकीचे ठरले असते.

गोळी, आणि पुढचे वेळापत्रक

गाठीच्या किट जनुकाच्या ११ क्रमांकाच्या एक्सॉनमध्ये (जनुकाचा एक खंड) बदल सापडला. या बदलावर इमॅटिनिब ही कर्करोगाची गोळी सर्वांत चांगली चालते. ९ क्रमांकाच्या एक्सॉनमधला बदल लहान आतड्याच्या गाठींत अधिक दिसतो आणि पसरलेल्या आजारात त्याला दुप्पट मात्रा लागते, म्हणून ही चाचणी टाळू नये. इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम रोज, तीन वर्षे. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ग्लिव्हेकच्या (इमॅटिनिबचे मूळ कंपनीचे नाव) पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतीय कंपन्यांची ही गोळी कायम उपलब्ध राहिली. तसे नसते तर या शेतकऱ्याच्या घरात तीन वर्षांचा कोर्स पुरा झाला नसता.

गोळी जेवणानंतर, मोठा ग्लासभर पाण्यासोबत; उपाशीपोटी घेतली की मळमळते आणि लोक स्वतःच बंद करतात. सकाळी डोळ्यांखाली सूज, पोटऱ्यांत वांब, पातळ शौच हे होणारच, आधी सांगितले की घाबरगुंडी उडत नाही. पहिल्या महिन्यांत रक्तपेशी आणि यकृताच्या चाचण्या ठरावीक अंतराने. क्षयाच्या औषधातले रिफॅम्पिसिन इमॅटिनिबची रक्तातली पातळी खूप खाली आणते, म्हणून मधेच कोणी क्षयाचे औषध सुरू केले तर आधी कर्करोगतज्ज्ञांना कळवायचे, हे रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले आहे.

सीटी दर सहा महिन्यांनी. औषध संपल्यानंतरची पहिली दोन वर्षे अधिक जपायची असतात, कारण दबून राहिलेली गाठ तेव्हा डोके वर काढते. त्या काळात दर तीन-चार महिन्यांनी. पाहायचे ते मुख्यतः यकृत आणि पोटाच्या पोकळीचे अस्तर (पेरिटोनियम).

शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांनी हिमोग्लोबिन १३.२ आणि फेरिटिन ६४ झाले, तेव्हा लोह थांबवले. इमॅटिनिबनेही हिमोग्लोबिन थोडे उतरू शकते, म्हणून आकडा एकटा वाचायचा नाही. फेरिटिन सोबत हवे. पत्नीला सांगून ठेवले आहे की लोहाची गोळी आता चालू नाही, त्यामुळे काळ्या शौचाला ते कारण उरलेले नाही. भांडे घासावे लागले, तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता त्याच दिवशी फोन करायचा.